आधी मीटर, मग माल, शेवटी कुलूप: फ्लीट सॉफ्टवेअरमधल्या वर्क ऑर्डर युटिलिटीने कशा साफ ठेवाव्यात

गाडीच्या एका दुरुस्तीचा कागद म्हणजे ‘वर्क ऑर्डर’, पण वर्कशॉपमध्ये तसं कुणी म्हणत नाही. फोरमन म्हणतो, ‘जॉब कार्ड फाड.’ आता काही फाडायचं नसतं, संगणकावर उघडायचं असतं, पण शब्द तोच राहिला. सवयही तीच राहिली: कार्ड उघडायला घाई आणि बंद करायला कंटाळा.

कारखान्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या स्टाफ बसच्या वर्कशॉपचं रेकॉर्ड मी सांभाळतो. फ्लीट सॉफ्टवेअर, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं त्या पहिल्याच वर्षी उघड्या कार्डांचा ढीग साचला. ज्या बस रोज पहाटे पहिल्या शिफ्टला चाकणला जात होत्या, त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबात आमच्याकडे पिटवर (गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) उभ्या होत्या. हा ढीग उपसण्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काही हत्यारं दिलेली असतात. कुठे मेन्यूचं नाव ‘युटिलिटीज’ असतं, कुठे ‘टूल्स’, कुठे ‘डेटा मेंटेनन्स’. आत साधारण तेच सापडतं: मीटरचा (किलोमीटरचा) नोंदलेला आकडा दुरुस्त करणं, गाडी क्रमांक बदलणं, दोन कार्डं एकत्र करणं, कोड बदलणं, खर्च नव्याने मोजणं, एकगठ्ठा बंद करणं, जुनं संग्रहात टाकणं.

ही हत्यारं कोणत्या क्रमाने वापरायची हे मला चूक करून कळलं. ३१ मार्चची संध्याकाळ होती. जुनी कार्डं सगळी बंद करा, असा निरोप आला. मी एकशे चाळीसच्या आसपास कार्डं निवडली, एकगठ्ठा बंद करायचं बटण दाबलं आणि समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी अहवाल काढला तर डिसेंबरात एका दिवसात ब्रेकचं काम करून गेलेली बस चार महिने उभी असल्यासारखी दिसत होती. कारण ‘काम पूर्ण’ची तारीख प्रत्येक कार्डावर ३१ मार्च पडली होती. ते तरी नुसतं दिसायला वाईट होतं. खरं नुकसान पुढेच होतं. त्या गठ्ठ्यात सर्व्हिसिंगची कार्डंही होती आणि त्यातल्या काही सर्व्हिस झालेल्याच नव्हत्या. सॉफ्टवेअरने त्या झाल्या असं धरलं आणि ऑइल बदलायचं पुढचं किलोमीटर पुढे ढकललं. बॅकअप आदल्या रात्रीचा होता. तो परत लावला आणि ३१ तारखेची स्टोअरची दिवसभराची नोंद हाताने पुन्हा भरली.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा आहे: मीटर, गाडी, दुबार कार्डं, माल (स्टोअरमधले सुटे भाग), मग बंद, आणि सगळ्यात शेवटी संग्रह. हा क्रम उलटा करता येत नाही. कार्ड बंद होताना सॉफ्टवेअर त्या क्षणीचं किलोमीटर, त्या क्षणीचा खर्च आणि त्या क्षणीची तारीख पकडून पुढचे हिशेब मांडतं. आत चुकीचा आकडा असेल तर तो कुलूपबंद होतो.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या, एवढं सांगून भागत नाही. सॉफ्टवेअर ऑफिसातल्या संगणकावर असेल तर बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि वर्षातून एकदा तरी तो वेगळ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप असून नसल्यासारखाच. सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर संपूर्ण बॅकअप परत लावणं सहसा आपल्या हातात नसतं. तिथे युटिलिटी चालवण्याआधी कार्डं, कार्डांच्या ओळी, मीटरच्या नोंदी आणि स्टोअरचा साठा अशा चार याद्या सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवून घ्या.

वेळ अशी निवडा की स्टोअरमधून माल निघत नसेल. आमच्याकडे दुपारी बारा ते दोन बरी पडते. सकाळच्या बस आलेल्या असतात आणि दुसऱ्या शिफ्टच्या निघायच्या असतात. स्टोअरकीपरला आणि फोरमनला तोंडी सांगा. कुणाच्या संगणकावर कार्ड उघडं राहिलं असेल तर ते ‘दुसऱ्याकडे चालू आहे’ म्हणून अडकतं. अशी अडकलेली कार्डं सोडवायचीही युटिलिटी असते, पण ती चालवण्याआधी उठून त्या टेबलापाशी जा. माणूस खरंच टाइप करत बसलेला असू शकतो.

शेवटची तयारी म्हणजे एक वही. साधी, दोनशे पानी. तारीख, कोणती युटिलिटी, किती कार्डं, कारण, कुणी सांगितलं, सही. सॉफ्टवेअर आपला लॉग ठेवतंच, पण त्यात ‘काय बदललं’ हे असतं, ‘का बदललं’ हे क्वचितच असतं.

पहिली पायरी: मीटर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वर्कशॉपमधल्या निम्म्या चुका किलोमीटरच्या एका आकड्यातून जन्म घेतात, असं माझं मत आहे. ड्रायव्हर १,४८,२३० सांगतो, पोऱ्या १४,८२,३०० टाइप करतो. एक शून्य जास्त. त्यावर सर्व्हिसचं कार्ड बंद झालं की पुढची सर्व्हिस पंधरा लाखांच्या पुढे जाते आणि ती बस ‘सर्व्हिस आली’ या यादीत परत कधीच येत नाही. यादी स्वच्छ दिसते म्हणून कुणी शोधतही नाही.

शोधायची रीत सोपी आहे. मीटरच्या नोंदींची यादी गाडीप्रमाणे आणि तारखेप्रमाणे लावा. लागोपाठच्या दोन नोंदींतला फरक काढा आणि मधल्या दिवसांनी भागा. १२ जूनला १,४८,२३० आणि २७ जूनला १,५१,३८० असेल तर १५ दिवसांत ३,१५० किलोमीटर, म्हणजे रोज २१०. स्टाफ बसला हे पटण्यासारखं आहे. उत्तर उणे आलं किंवा रोजचं पाचशेच्या वर गेलं की त्या ओळीवर खूण करा. मालवाहतुकीच्या लांब पल्ल्याच्या ट्रकला पाचशे ही रोजचीच धाव असते, तेव्हा तुमची मर्यादा तुमच्या मार्गावरून ठरवा.

चुकीची नोंद पुसू नका, मीटर दुरुस्तीच्या युटिलिटीतून बदला. पुसली तर तिच्यावर टेकलेलं कार्ड किलोमीटरविना लटकतं.

मीटर बदललेला असेल तर प्रकार वेगळा. जुनं क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरचा संच) २,३६,४१० वर बंद पडलं आणि नवं शून्यावर बसवलं, तर सॉफ्टवेअरमध्ये ‘मीटर बदल’ ही स्वतंत्र नोंद करायची असते. त्यानंतर गाडीची खरी धाव म्हणजे २,३६,४१० अधिक नव्या मीटरचा आकडा. जुन्या गाडीचं काढलेलं क्लस्टर बसवलं आणि त्यावर आधीच ४१० दिसत असेल, तर मिळवायचा आकडा २,३६,००० होतो. हे न करता नवे आकडे तसेच भरत गेलात तर सॉफ्टवेअर प्रत्येक नोंद ‘मागची’ म्हणून नाकारतं, आणि मग वैतागून कुणीतरी ती तपासणीच बंद करून ठेवतं. असं बंद करून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय.

जीपीएसवरून किलोमीटर आपोआप येत असतील तर ते डॅशबोर्डशी तंतोतंत जुळणार नाहीत. एका गाडीला एकच उगम ठेवा. आज जीपीएस, उद्या ड्रायव्हरची चिठ्ठी, अशी सरमिसळ झाली की वरचा भागाकार निरुपयोगी होतो.

दुसरी पायरी: कार्ड बरोबर गाडीवर आहे का

गाडीची ओळख म्हणून पासिंगचा, म्हणजे आरटीओच्या नोंदणीचा, नंबर वापरू नका. दारावर रंगवलेला आपला अंतर्गत क्रमांक वापरा. कर्नाटकातून एनओसीवर (ना हरकत प्रमाणपत्रावर) आणलेली जुनी बस केए नंबरची असते. इथे नोंद झाली की तिला एमएच-१४ किंवा एमएच-१२ चा नवा नंबर मिळतो. अशा वेळी नवी गाडी उघडली तर जुना इतिहास जुन्या नंबरवर अडकून पडतो. ‘क्रमांक बदला’ ही युटिलिटी त्याच गाडीचं नाव बदलते आणि सगळी कार्डं सोबत आणते. ‘कार्ड दुसऱ्या गाडीवर टाका’ ही वेगळी युटिलिटी, ती एका कार्डापुरती. दोघींची नावं सारखी वाटतात, म्हणून आधी एका बंद, बिनमहत्त्वाच्या कार्डावर करून पाहा.

कार्ड दुसऱ्या गाडीवर हलवलं की दोन्ही गाड्यांचं किलोमीटर पुन्हा तपासा. कार्डासोबत चुकीच्या गाडीचा मीटरही जातो, आणि पहिली पायरी पुन्हा करावी लागते.

तिसरी पायरी: दुबार कार्डं

रात्री ड्रायव्हर ‘ब्रेक कमी लागतोय’ सांगतो, रात्रपाळीचा सुपरवायझर कार्ड उघडतो. सकाळी तोच ड्रायव्हर फोरमनला तेच सांगतो, दुसरं कार्ड. दुपारी कंपनीचा ट्रान्सपोर्टवाला फोन करतो, तिसरं. काम एक, कार्डं तीन.

यादी काढताना अट अशी लावा: तीच गाडी, तोच भाग, उघडल्याच्या तारखा तीन दिवसांच्या आत. जे निघेल ते सगळं दुबार नसतं. ‘ब्रेक लागत नाही’ आणि ‘ब्रेक पकडतोय’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकीत लायनर (ब्रेकचा घासला जाणारा थर) संपलेला असू शकतो, दुसरीत अ‍ॅडजस्टर (ब्रेकची फट जुळवणारा भाग) अडकलेला. पुढचं डावं आणि मागचं उजवं हेही एक काम नव्हे. शंका असेल तर फिटरला विचारा, त्याच्या लक्षात असतं.

एकत्र करताना कोणतं कार्ड ठेवायचं? ज्या कार्डावर स्टोअरने माल दिला आहे ते. स्टोअरच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक लिहिलेला असतो आणि तीन महिन्यांनी कुणी चिठ्ठी घेऊन आलं तर कार्ड सापडलं पाहिजे. मात्र उघडल्याची तारीख सगळ्यात जुन्या कार्डाची घ्या, नाहीतर गाडी किती वेळ उभी होती हा हिशेब कमी येतो. एकत्र केल्यावर मजुरीच्या ओळी बघा: एकाच फिटरचे तेच चार तास दोनदा आलेत का? युटिलिटी ओळी जोडते, त्या खऱ्या आहेत का हे तिला कळत नाही.

चौथी पायरी: माल आणि बाहेरची कामं

बंद करण्याआधी प्रत्येक कार्डावर माल काढला किती, बसवला किती, परत किती हे जुळवा. फिटर दोन डिझेल फिल्टर घेऊन जातो, एक बसवतो, दुसरा त्याच्या पेटीत राहतो. तो परत स्टोअरला जमा करून मगच कार्ड पुढे न्या.

कार्ड रद्द केल्यावर त्यावरच्या मालाचं काय होतं, हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहा. काहींत माल आपोआप साठ्यात परत जातो. आणि तो खरोखर गाडीत बसलेला असेल तर? स्टोअरच्या कागदावर फिल्टर दिसतो, रॅकवर नसतो. म्हणून रद्द करण्याआधी माल हाताने योग्य कार्डावर हलवा.

बाहेरून करून घेतलेल्या कामांनी सगळ्यात जास्त कार्डं उघडी राहतात. लेथवरचं काम, नोझल टेस्टिंग, रेडिएटर, टायर रिमोल्ड. गाडी तिसऱ्या दिवशी मार्गावर लागते, बिल तिसऱ्या आठवड्यात येतं. यावर उपाय युटिलिटीचा नसून सेटिंगचा आहे: ‘काम पूर्ण, बिल बाकी’ अशी एक वेगळी स्थिती बनवून घ्या. तशीच दुसरी, ‘वॉरंटी प्रलंबित’. जुना अल्टरनेटर दाव्यासाठी पाठवलेला असताना कार्ड बंद झालं, तर त्या दाव्याची आठवण करून देणारं कुणी उरत नाही.

मग खर्च नव्याने मोजायची युटिलिटी चालवा. आधीची आणि नंतरची बेरीज वहीत लिहा. फरक का पडला हे सांगता आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

एक्सेलमधून जाताना

शंभर कार्डं एकेक दुरुस्त करणं जिवावर येतं, म्हणून आपण ती एक्सेलमध्ये उतरवतो, सुधारतो आणि परत चढवतो. यात चार ठिकाणी घात होतो. बॉशचे बरेच पार्ट नंबर शून्याने सुरू होतात. एक्सेल ते पुढचं शून्य खाऊन टाकतं. मध्ये इंग्रजी ‘ई’ असलेला नंबर, समजा १२ई४, त्याला तो गणिती आकडा वाटतो आणि त्याचे १,२०,००० होतात. पंधरापेक्षा जास्त अंकी नंबराचे शेवटचे अंक शून्य होतात. तारखेचं तर विचारूच नका: ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च? पहिली या आर्थिक वर्षात, दुसरी मागच्या.

म्हणून फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नका. ‘डेटा’ मधून आयात करा, नंबरांचे स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. तक्रारी मराठीत टाइप केलेल्या असतील तर फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट वाचणारी पद्धत) म्हणून उघडा, नाहीतर ‘क्लच घसरतो’च्या जागी चौकोन आणि चिन्हं येतील आणि तीच सॉफ्टवेअरमध्ये परत चढतील. चढवताना आधी पाच ओळी, मग बाकीच्या.

काम गाडीच्या कोणत्या भागाचं हे सांगणारे कोडही याच फेरीत सुधारता येतात. अमेरिकेच्या ट्रकिंग व्यवसायाने १९७० च्या सुमारास बनवलेली व्हीएमआरएस ही कोडांची पद्धत अनेक सॉफ्टवेअरमध्ये मिळते: ब्रेक ०१३, टायर ०१७, क्लच ०२३, कूलिंग ०४२, इंजिन ०४५. आमच्याकडे मात्र बहुतेक कार्डं ‘इतर’मध्ये होती. ‘लायनर’, ‘लाइनर’, ‘लायनिंग’ आणि रोमन लिपीतली आणखी दोन रूपं, अशी शोधून ती ०१३ मध्ये हलवायला मला तीन शनिवार लागले. घाई नव्हती. ब्रेकचा खर्च कोणत्या मार्गावर जास्त होतो हे त्यानंतर पहिल्यांदा दिसलं.

पाचवी पायरी: बंद करणं

आता एकगठ्ठा बंद करायला हरकत नाही, पण चार गठ्ठे करून.

पहिला गठ्ठा साध्या दुरुस्तीचा. इथे ‘काम पूर्ण’ची तारीख आजची पडू देऊ नका, गाडी बाहेर पडली ती तारीख गेटच्या वहीतून किंवा ट्रिप शीटवरून भरा. सॉफ्टवेअरमध्ये बहुधा तीन तारखा असतात: गाडी आत आली, काम संपलं, कागद बंद झाला. गाडी किती वेळ उभी होती हे पहिल्या दोन तारखांवरून मोजलं जातं. तिसरी आजची असली तरी चालते.

दुसरा गठ्ठा सर्व्हिसिंगचा. काम झालं असेल तरच बंद. झालं नसेल तर ‘बंद’ नाही, ‘रद्द’, आणि कारणासह. बंद केल्याने पुढची सर्व्हिस पुढे सरकते, रद्द केल्याने ती थकीत म्हणून समोर राहते. ३१ मार्चला मला एवढाच फरक माहीत नव्हता.

तिसरा, पासिंगच्या, म्हणजे इथे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या, कामांचा. इथे पुढची तारीख सॉफ्टवेअरला मोजू देऊ नका. वाहतुकीच्या गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं, आणि मुदत प्रमाणपत्रावर छापलेली असते. कार्ड बंद केल्याच्या दिवसापासून एक वर्ष मोजलं तर तुमची आठवण मुदत संपल्यावर येईल. प्रमाणपत्र समोर ठेवून तारीख हाताने भरा.

चौथा गठ्ठा बंद करायचाच नाही: अपघात झालेल्या गाड्या. विम्याचा सर्व्हेअर, पोलीस, पुढे दावा न्यायाधिकरण, कुणीही त्या गाडीचा ब्रेक-स्टिअरिंगचा इतिहास मागू शकतं. अपघातानंतर त्या कार्डांवर कोणतीही युटिलिटी चालवू नका, शुद्धलेखनाची चूकसुद्धा सुधारू नका. कुलूप लावा आणि प्रत काढून ठेवा.

गठ्ठे संपले की सर्व्हिसची वेळापत्रकं नव्याने मोजायची युटिलिटी एकदा चालवा आणि ‘सर्व्हिस आली’ यादी बघा. ती अचानक रिकामी झाली असेल तर आनंद मानू नका, कुठेतरी शून्य जास्त आहे. यादीतल्या पाच बस निवडून यार्डात जा, मीटर वाचा, दारात लावलेल्या ऑइलच्या स्टिकरशी ताडून पाहा.

मागच्या महिन्याचं कार्ड पुन्हा उघडायची वेळ येते. हिशेब खात्याने तो महिना बंद केला असेल तर उघडू नका. चालू महिन्यात फरकाची नोंद करा आणि जुन्या कार्डाचा क्रमांक लिहा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. तुमच्या कार्डांवरची बिलं थेट हिशेबात जात असतील तर ‘डिलीट’ हा अधिकार कुणाला द्यायचा हे ऑडिटरला विचारून ठरवा. आमच्याकडे तो कुणालाच नाही.

सहावी पायरी: संग्रह

सॉफ्टवेअर संथ झालं की जुनी कार्डं काढून टाकायचा मोह होतो. संग्रहात टाकणं आणि कायमचं पुसणं ही दोन वेगळी बटणं आहेत आणि बऱ्याचदा शेजारीशेजारी असतात. जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला देय होतं, म्हणजे ती बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवीत. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. हे किमान झालं. गाडी आपल्याकडे आहे तोवर तिचं एकही कार्ड मी पुसत नाही. इंजिन दुसऱ्यांदा उघडायची वेळ येते तेव्हा पहिल्यांदा कोणत्या साइजचे बेअरिंग टाकले होते ते सात वर्षांपूर्वीच्या कार्डावरच असतं.

विकलेली गाडी संग्रहात टाकण्याआधी तिच्यावर उघडं कार्ड, परत न आलेला माल किंवा वॉरंटीचा दावा शिल्लक नाही ना ते पाहा. आणि तिचा दारावरचा क्रमांक नव्या बसला देऊ नका. आम्ही १७ नंबर दिला होता. आता नव्या सतराच्या इतिहासात अशा क्लच प्लेट दिसतात ज्या तिला कधी बसल्याच नाहीत, आणि ती कार्डं वेगळी करायला कोणतीही युटिलिटी नाही. दर शनिवारी पाच-सहा करतो.